विटका तांबडा

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाकडे लोक दोन दृष्टींनी पाहतात. काही त्याला धनिक समजतात आणि काही वेडा समजतात. गाडीचा रंग सगळीकडे सारखा असला तर पहिला पक्ष बळावतो. ठिकठिकाणी निराळा दिसला तर दुसरा. इंजिन कसे चालते, ब्रेक लागतात की नाही, हे रस्त्याने जाणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. रंग मात्र सर्वांना दिसतो आणि, मौज अशी की, रंगातले सर्वांना कळते. आमच्या काकांच्या तांबड्या एम्. जी. मोटारीच्या रंगाविषयी गेल्या दोन वर्षांत आम्हांस जितके सल्ले मिळाले तितके आमच्या प्रकृतीविषयीही कधी मिळाले नव्हते. बहुतेकांचे म्हणणे एकच : "एकदा सगळी गाडी रंगवून टाका, म्हणजे झाले." या 'म्हणजे झाले' मध्ये काय काय होऊन जाते, त्याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर आली, म्हणून हे लिहीत आहो.

मोटार १९५१ सालची, 'टी डी' जातीची. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन या गावी १९४९ ते १९५३ या काळात या जातीच्या सुमारे तीस हजार मोटारी निघाल्या आणि त्यांपैकी बऱ्याचशा अमेरिकेस गेल्या. दोन माणसांची बैठक, १२५० सी. सी.चे इंजिन, लाकडी सांगाड्यावर बसविलेला पोलादी पत्रा, वर कापडी टप आणि धडापासून निराळी, बाहेर झेपावलेली मडगार्डे, असे तिचे रूप आहे. धावण्याच्या शर्यतीत आजची कोणतीही साधी कौटुंबिक मोटार तिला सहज मागे टाकील. पण तिच्यात बसले असता तीस मैलांचा वेगसुद्धा साठांसारखा भासतो, आणि अशा गाडीचा खरा उपयोग तोच असावा. काकांनी ती १९५७ साली मुंबईत, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाकडून घेतली आणि घाट चढवून पुण्यास आणली. काका २००९ साली गेले. तेव्हापासून गाडी काकूंची आहे. त्यांना ती चालविता येत नाही. पण तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी कोणास दिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीची तिची स्थिती अशी होती. बॉनेट आणि डावी बाजू फिकट गुलाबी, हात फिरवला तर तळव्यास तांबूस भुकटी लागे. उजवी बाजू पुष्कळ बरी, गर्द. पाठीमागचा भाग या दोहोंच्या मध्ये. आणि पुढचे डावे मडगार्ड या सर्वांहून वेगळे, विटकरी. एकाच गाडीवर चार तांबडे. आणि प्रत्येक तांबड्याची कुळकथा निराळी.

विटण्याची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. रंग म्हणजे दोन पदार्थांचा संसार : एक रंगद्रव्याची बारीक पूड, आणि दुसरे त्या पुडीला धरून ठेवणारे बंधकद्रव्य. उन्हातील अतिनील किरण प्रथम बंधकावर घाव घालतात. वरचा थर जळून खडबडीत होतो, पूड मोकळी पडते आणि तीच हाताला लागते. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, त्या विखुरलेल्या पांढऱ्या प्रकाशात तांबडा गुलाबी दिसू लागतो. येथवरचे दुखणे वरवरचे. परंतु तांबड्याची रंगद्रव्ये पुष्कळदा सेंद्रिय जातीची असतात आणि ती स्वतःही उन्हात मोडतात. तांबडा रंग तांबडा दिसतो तो निळा-हिरवा प्रकाश गिळून. म्हणजे वर्णपटाच्या अधिक दाहक बाजूचे किरण तो पोटात घेतो, आणि त्याचे प्रायश्चित्त भोगतो. काळी, पांढरी वा गेरूच्या जातीची मातकट गाडी शेजारी उभी असली तर ती इतकी लवकर विटत नाही. आमची गाडी कित्येक वर्षे पडवीत एकाच तोंडाने उभी राहत असे. तिची डावी बाजू पश्चिमेकडे येई. पुण्याचे चैत्र-वैशाखाचे तिसऱ्या प्रहरचे ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना डावी बाजू गुलाबी का झाली, हे निराळे सांगावयास नको.

दुखणे वरवरचे आहे की मुळापर्यंत गेले आहे, हे ओळखण्याची युक्ती आम्हांस ज्या कारागिराने शिकविली त्याला सारे 'उस्ताद' म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणू. त्याने गाडीस हात लावण्यापूर्वी बादलीभर पाणी मागितले आणि बॉनेटवर शिंपडले. गुलाबी बॉनेट क्षणात गर्द डाळिंबी झाले. पाणी खडबडीतपणा भरून काढते, प्रकाश विखुरत नाही आणि खाली जिवंत असलेला रंग दिसू लागतो. "साहेब, जे पाण्यानं उघडलं ते घासून उघडंल," तो म्हणाला, "आणि जे पाण्यानंबी नाही उघडलं ते कुणाच्याच हातानं नाही." डाव्या दाराच्या वरच्या कडेला दोन वितींचा पट्टा पाण्यानेही गुलाबीच राहिला. त्या पट्ट्याची आशा त्याच दिवशी सोडावी लागली.

दुसरी परीक्षा थिनरची. फडक्यास थिनर लावून मडगार्डाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी घासावयाचे. नायट्रोसेल्युलोजचा जुना लॅकर असला तर तो कितीही वर्षांनी विरघळून फडक्यावर येतो, कारण तो वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, एवढेच. त्यात रासायनिक बदल काही होत नाही. इनॅमल असला तर तो सुरकुततो. आणि हल्लीचा दोन द्रव्ये मिसळून मारावयाचा रंग असला तर थिनरला दाद देत नाही. बॉनेटखालून लॅकर निघाला, मडगार्डाखालून इनॅमल. चार तांबड्यांतील एक तरी मुळातच परजातीचा होता, हे सिद्ध झाले.

या लॅकरचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९२० च्या आधी मोटारीला रंग म्हणजे व्हार्निशचे थर. ते ब्रशाने द्यावयाचे आणि वाळण्याची वाट पाहावयाची, यात आठवडेच्या आठवडे जात. फोर्डच्या मॉडेल टी मोटारी १९१४ ते १९२५ पर्यंत काळ्याच निघत, हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर काढला आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारी त्या निळ्या रंगात बाजारात आल्या, तेव्हापासून मोटारींच्या दुनियेत रंगपंचमी सुरू झाली. ते नाव आपल्याकडे असे रुजले की, आज सुतारसुद्धा कपाटाला स्प्रेने मारलेल्या चकचकीत रंगाला 'ड्यूको' म्हणतो, आणि ते एका कंपनीच्या मालाचे नाव होते हे त्याच्या गावीही नसते.

आता मडगार्डाकडे वळू. १९७४ साली मुंबईत एका ट्रकने डावे मडगार्ड चेपले. परदेशी माल आणणे त्या काळी जवळजवळ अशक्य. म्हणून काकांनी चोर बाजारातून त्याच जातीचे एक मडगार्ड शोधून आणले आणि मिळेल त्या तांबड्या इनॅमलने रंगवून घेतले. ही हकीकत घरात सर्वांस ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते उस्तादाने वॉटर पेपरने घासून दाखविले. रंगाची कड उतरती घासली की खालचे थर झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकामागून एक दिसू लागतात. विटकरी, त्याखाली करडा प्राइमर, त्याखाली लांबीचा पिवळट थर, आणि त्याखाली झळझळीत काळा. म्हणजे ज्या गाडीचे ते मडगार्ड होते ती काळी होती. कोणाची, कोठली, ती मोडली कशी, हे आता कोणास कळणार? पन्नास वर्षे आमच्या घरात एका परक्या गाडीचा अवयव नांदत होता, आणि आम्ही मात्र त्याचा रंग का जुळत नाही म्हणून त्यालाच नावे ठेवीत होतो.

आमच्या पुतण्याचे मत पहिल्यापासून स्वच्छ होते. त्याच्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. नवरी-नवऱ्याने त्या गाडीतून यावे, आणि त्यासाठी गाडी आधी पार खरवडून, पत्र्यापर्यंत उघडी करून, नव्या पद्धतीच्या रंगाने कोरी करावी. "काका, लोक बघतील ती गाडी बघतील, तिचा इतिहास कोण बघणार?" असे तो म्हणे, आणि हा मुद्दा खोडून काढणे वाटते तितके सोपे नाही. नवा रंग टिकाऊ असतो. त्यावर पारदर्शक थर असल्यामुळे ऊन प्रथम त्याला लागते. आणि रंग एकदा सगळा बदलला की जुळणीचा प्रश्नच उरत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असेच केले, आणि त्यांची गाडी आज आरशासारखी चमकते. ती पाहून आम्हांस आनंद होतो. फक्त ती १९५० च्या सुमाराची आहे हे तिच्या नंबराच्या पाटीखेरीज आणखी कशावरूनही कळत नाही.

उस्तादाने मात्र दोन अडचणी सांगितल्या. पहिली रंगाची. जुन्या तांबड्यातील काही द्रव्ये वरून मारलेल्या नव्या थिनरमध्ये पाझरतात. पुरा खरवडला नाही तर खालचा तांबडा वर येतो, आणि अशा गाडीवर पांढरा मारावा तर ती गुलाबी होते. दुसरी अडचण त्याच्या स्वतःच्या छातीची. दोन द्रव्यांच्या रंगात जे घट्ट करणारे द्रव्य असते त्यातील आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की त्या द्रव्याचा वाससुद्धा सोसत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा त्यासाठी लागतो. आपल्याकडील कितीतरी रंगकाम आजही तोंडाला रुमाल बांधून चालते, आणि ग्राहक भावाची घासाघीस करतो ती त्या रुमालाच्या जिवावर. उस्तादाच्या धाकट्या भावाने याच कारणाने धंदा सोडला होता. चकचकीत मोटारी पाहून आम्हांस पूर्वी हे कधी सुचले नव्हते. आता सुचल्यावाचून राहत नाही.

पण खरी अडचण काकूंची होती. बॉनेटला दोन्ही अंगांना उघडण्यासाठी मुठी आहेत. उजव्या मुठीभोवती तळहाताएवढ्या जागी रंग झिजून करडा प्राइमर दिसतो. काका दर रविवारी सकाळी बॉनेट उघडीत, तेलपाणी पाहत, आणि उघडताना डावा तळवा नेमका तेथे टेकवीत. ५२ वर्षांच्या रविवारांनी ती जागा झिजली आहे. काकूंनी त्याविषयी भावनेचा एक शब्दही उच्चारला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, बाकी काय करायचं ते करा. तेवढं राहू दे." आता संबंध गाडी खरवडून तेवढी जागा ठेवावयाची म्हणजे नव्या कोऱ्या शालूला जुना डाग जपून लावण्यासारखे झाले. पुतण्याने पुष्कळ समजावून पाहिले. त्या म्हणाल्या, "मग नको."

रंगाची जाडीही आम्ही मोजून पाहिली. त्यासाठी हातात मावणारे चुंबकी यंत्र मिळते. पोलादी पत्र्यावर टेकवले की थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांगते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे अंदाज येतो. बॉनेटच्या मध्यावर ९० भरले, कडांना कोठे ४० सुद्धा नाहीत. मडगार्डावर काटा ६०० च्या पुढे गेला. ती लांबीची कृपा. काका दर दिवाळीस हौसेने गाडीला रबिंग मारवून घेत. प्रत्येक रबिंग म्हणजे विटलेला थर घासून काढणे. प्रत्येक वेळी दोन-चार मायक्रॉन गेले. चमक येते ती रंग खर्चून येते, आणि हा खर्च भरून येत नाही. बॉनेटच्या शिल्लक कडांना आता फार तर दोन-तीन वेळा हात लावता येईल, त्यानंतर प्राइमर.

शेवटी जे ठरले ते असे : मडगार्ड तेवढे रंगवावयाचे, बाकी गाडी हलक्या हाताने घासून घ्यावयाची. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी घासणे आणि मग रंग जुळविणे. उलट केले तर विटक्या रंगाशी जुळविलेले मडगार्ड घासलेल्या गाडीवर पुन्हा परके दिसते. कडांवर चिकटपट्टी लावून, यंत्र न वापरता, नरम फडक्याने उस्तादाने आठ दिवस घासले. फडकी तांबडी होत होती. वरून पारदर्शक थर असता तर ती पांढरी राहिली असती, आणि तो थर सोलवटलेला असता तर घासून काही उपयोगच नव्हता.

आणि जुळवावयाचे कशाशी? आमची समजूत अशी की कारखान्याच्या यादीतला तांबडा आणावा, मारावा. उस्ताद हसला. यादीतला रंग १९५१ सालच्या गाडीचा. ही गाडी आज उभी आहे. मारावयाचा तो आजचा तांबडा, वयासकट. त्यासाठी तांबड्यात कणभर काळा, कणभर पिवळा, किंचित पांढरा असे थेंब टाकीत त्याने पत्र्याच्या पट्ट्यांवर नमुने काढले. ओल्या रंगावर तो कधीच विश्वास ठेवीत नसे. पट्टी वाळू देई, मग ती उघड्यावर नेऊन दारावर टेकवी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, सावलीत एकदा. दिव्याखाली तंतोतंत जुळलेली पट्टी उन्हात निराळी पडे, कारण दोन रंगांतील द्रव्ये निराळी असली की ती एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. शास्त्रात याला मोठे नाव आहे. पण लक्ष्मी रोडवरील मॅचिंगच्या दुकानातून पोलक्याचे कापड हातात घेऊन फुटपाथवर येणाऱ्या प्रत्येक बाईला हे शास्त्र अवगत असते. रंग मोजण्याची यंत्रेही आहेत. १९३१ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरविलेल्या प्रमाण-डोळ्याच्या आधारे ती दोन रंगांतील अंतर आकड्यात सांगतात. पुतण्याने तसले एक यंत्र कोठूनसे आणले. त्याचा आकडा आणि उस्तादाची सतरावी पट्टी यांचे मत एकच पडले, तेव्हा दोघांनाही थोडा थोडा आनंद झाला.

याच सुमारास काकूंच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडविते. ते काढून नवे बसविले की जग एकाएकी निळसर, लखलखीत दिसू लागते. काकू पट्टी सुटल्यावर चौथ्या दिवशी पडवीत आल्या, मडगार्डाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे असं विटकरी कधी झालं?" गेली दहा वर्षे "मला तर सारखंच दिसतं, तुम्हालाच खोड्या सुचतात," असे बजावणाऱ्या त्याच या काकू. आम्ही कोणीच काही बोललो नाही. सतराव्या पट्टीवर शेवटची पसंती त्यांच्या नव्या डोळ्यांनी झाली.

प्रत्यक्ष रंग दिवाळीनंतर मारला. पावसाळ्यात लॅकर मारू नये. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतील दमट त्यावर धरतो आणि रंगावर पांढरी साय येते. मडगार्ड सोडवून, लांबी काढून, पत्रा ठोकून सरळ करून, पातळ लांबी पुन्हा घालून त्याने लॅकरचे पातळ पातळ हात दिले. मडगार्ड धडापासून निराळे असल्यामुळे एक सोय झाली : हल्लीच्या गाडीत नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरत विरत न्यावा लागतो, म्हणजे सांधा दिसत नाही, येथे मध्ये फट आहे, आणि ती फट डोळ्याला पुष्कळ क्षमा करावयास लावते. जवळ जाऊन, दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवून पाहिले तर मडगार्ड आजही किंचित ताजे दिसते. डाव्या दाराचा गुलाबी पट्टाही आहे तेथेच आहे. मुठीभोवतीच्या जागेस उस्तादाने फक्त मेण लावले, की पत्र्याला गंज धरू नये. मडगार्डाच्या आतल्या अंगाचा काळा त्याने न विचारता तसाच ठेवला.

आपल्या सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींच्या नोंदणीचे निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, फारशी फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. पुतण्या त्या कागदांच्या मागे लागला आहे. गाडी रंगवावी असे तो आता म्हणत नाही. पण ते आजीच्या धाकाने की नियमांच्या, हे आम्ही विचारलेले नाही. लग्नात नवरी-नवरा त्या गाडीतून आले. फोटोवाल्याने आपण होऊन त्यांना उजव्या बाजूस उभे केले.

गाडी पडवीत आता दर सहा महिन्यांनी तोंड फिरवून उभी करतो. पश्चिमेचे ऊन अडविण्यास सुती कापडाचा पडदा बांधला आहे. प्लास्टिकखाली ओल कोंडते, म्हणून ते टाळले. उजवी बाजू गर्द आणि डावी फिकी, हा पन्नास वर्षांचा पक्षपात मोडावयास आणखी किती वर्षे लागतील असे काकूंनी विचारले. उस्तादाने बोटांवर हिशेब करून सांगितले, "वीसेक." तेव्हा त्या म्हणाल्या की पडदा जरा वर बांधा, उजव्या बाजूलाही थोडे ऊन लागू द्या.